तेलघाण्याच्या चौकातली थबक

मुरूडखेडात कोण कुणाला वाट देतो एवढं बघितलं, तरी गावातली सगळी नाती वाचता येतात. नवा जावई सासऱ्याला वाट देतो, पण ती पहिली दोन वर्षं. नगरसेवक निवडणुकीआधी कुत्र्यालाही देतो आणि निकालानंतर रुग्णवाहिकेलाही देत नाही. धान्यबाजाराच्या मोंढ्यातले तुरीचे आडते बसवराज बिडवे, म्हणजे गावाचे बिडवे अप्पा, यांनी मात्र आजवर कुणाला वाट दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. भावात नाही, बोलण्यात नाही, आणि तेलघाण्याच्या चौकात तर नाहीच नाही.

या चौकात बाजाररस्ता आणि वेशीचा रस्ता एकमेकांना छेदतात. तिथे दोनदा सिग्नल बसला. पहिल्यांदा त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला गेला आणि दिवा नेत्याच्या गॉगलमागे गेला. दुसऱ्यांदा दिवा दिसत होता, पण गावाला तो पटत नव्हता. तिसऱ्यांदा नगरपालिकेने पैसे वाचवले. मोठ्या शहरांत एव्हाना गाड्या आपल्या आपण चालत होत्या. मुरूडखेडातही एका बियाणे कंपनीने तशी गाडी आणली होती. ती तेलघाण्याच्या चौकात सकाळी येऊन शहाण्यासारखी थांबली आणि कुणीतरी आपल्याला जाऊ देईल या आशेवर दुपारपर्यंत उभी राहिली. शेवटी तिला ढकलत परत नेलं.

याच चौकात, ईश्वरी बिडवे शाळेत होती तेव्हा, तिच्या वडिलांचा पिकअप आणि विश्वनाथ देवणीकरांची जीप नाकाला नाक लावून उभी राहिली होती. मागे कोण घेणार? कुणीच नाही. दोन्ही घरांतून डबे आले, चहा आला, उन्हं कलली तेव्हा पोलीस आले. त्या दिवसापासून बिडवे बाजाररस्त्यावर आणि देवणीकर वेशीच्या रस्त्यावर एकमेकांच्या पंगतीला बसलेले नाहीत. विश्वनाथराव पुढे वारले. नवऱ्यामागे जमीन सांभाळावी तसं प्रभाताई देवणीकरांनी ते वैर नीट, बांध न ढळू देता सांभाळलं.

आणि ईश्वरीला लग्न करायचं होतं ते प्रभाताईंच्या ओंकारशी. अप्पांना हे तीन वर्षांपूर्वी कळलं होतं. तेव्हा त्यांनी "नाही" एवढंच म्हणून पेपर उघडला होता. अप्पांच्या होकाराशिवायही लग्न लागलं असतं. कायदा होता, ओंकार होता, कमाई होती. पण आई गेल्यापासून हे दोघं बापलेक रोज ताटाला ताट लावून जेवत आले होते. तिला होकार हवा होता आणि तो अप्पांचाच हवा होता.

ईश्वरीचं काम रस्त्याचंच होतं. 'भवताल' नावाच्या सरकारी प्रकल्पात ती इंजिनिअर होती.

प्रकल्पामागचं विज्ञान असं. सिग्नल नसलेल्या चौकात चालक नियम पाळत नाही, तो फट शोधतो. समोरची गाडी पोचायला किती वेळ आहे, तेवढ्यात मी निघून जाईन का, हा हिशेब डोळे करतात आणि पाय त्यावर सही करतो. आपल्याला वाटतं, आपण समोरच्या गाडीकडे बघून ठरवलं. खरं म्हणजे बरंचसं कडेच्या गोष्टी ठरवतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून खांब, झाडं, पायऱ्या अशा जवळच्या, उभ्या, दाट गोष्टी सरकू लागल्या की मेंदूला वाटतं आपण भरधाव आहोत, आणि पाय सैल होतो. कडेला मोकळं, फिकट आणि सपाट असलं की तोच वेग गोगलगायीचा वाटतो, आणि पाय दाबला जातो.

भवतालने यावर एक लेप तयार केला. त्यात रंगाचे सूक्ष्म कण असतात, एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिके. विजेचा हलका इशारा मिळाला की ते कूस बदलतात. हा लेप चौकाजवळच्या भिंतींना, खांबांना, रस्त्याच्या काठांना लावायचा. मग गणकयंत्र कॅमेऱ्यातून चालकांना बघत बघत भिंतींचं रूप थोडंथोडं बदलत राहतं. कधी उभे पट्टे दाट करतं, कधी सावली आणतं, कधी कोपरा उजळतं. बदल इतका हळू होतो की शेजारी राहणाऱ्यालाही कळत नाही.

यंत्राला लवकरच एक गोष्ट उमगली. दोन्ही रस्त्यांना थांबायला लावलं तर दोघं थांबतात, दोघं एकमेकांना "या, या" करतात, मग दोघं एकदम निघतात आणि धडकतात. सुरक्षित चौक तोच, जिथे एक थांबतो आणि दुसरा जातो. मुरूडखेडात यंत्राने बाजाररस्त्याला थांबवलं, कारण त्यावर गाड्या कमी होत्या. त्याच्या भिंती दाट झाल्या, वेशीच्या रस्त्याच्या भिंती फिकट झाल्या. ईश्वरीने त्या रचनेवर सही केली. गावाला सांगायचं का, असंही तिने विचारलं होतं.

"सांगितलं की बाजाररस्ता मुद्दाम घुसणार," नगरपालिकेचे मुख्याधिकारी म्हणाले. "आपण भिंत रंगवली एवढंच सांगू. खोटं नाही ते."

आदल्या वर्षी त्या चौकात एक शिक्षक दगावले होते आणि डझनभर माणसांची हाडं मोडली होती. लेप लागल्यावर वर्षभरात कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. ईश्वरीला अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा होता.

तिने एका दुपारी जेवताना पुन्हा विषय काढला. भांडणाची तयारी करूनच बसली होती.

"अप्पा, मला ओंकारशी लग्न करायचंय. देवणीकरांच्या."

अप्पांचा भाकरीचा घास वरणाच्या वाटीवर थांबला. मग बुडला.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. त्यात काय फोडून सांगायचं?" आणि मग जरा थांबून, "अजून एक भाकरी घेऊ का गं? तुला उरते ना?"

शेवटची भाकरी विचारून घेणारे अप्पा ईश्वरीने पहिल्यांदाच पाहिले. पण होकार मिळाल्याच्या आनंदात कोण भाकरीचा विचार करतो? तिने ओंकारला फोन लावला.

"अरे, अप्पा—"

"हो म्हणाले! मला वाटलंच. येत्या रविवारी आम्ही येतो बैठकीला. मी आईला सांगून टाकलंय."

ती म्हणाली, "रविवारी मला—" पण त्याने फोन ठेवला होता.

रविवारी प्रभाताई आल्या त्या जाजम कमी पडेल एवढी माणसं घेऊन. बैठकीत कुणीही खरी अट आधी सांगत नाही, हे लग्न जमवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. आधी अवाच्या सवा मागायचं, समोरच्याने "शक्य नाही" म्हणायचं, मग दोघांनी दमत दमत मधे यायचं. प्रभाताई त्या तयारीनेच आल्या होत्या.

"लग्न आमच्या दारात होईल," त्यांनी सुरुवात केली.

अप्पा थांबले. "चालेल."

"मानपान आमच्या रीतीने. आमच्या आठही जावांचे आहेर वेगळे."

अप्पा थांबले. "चालेल की."

"आमच्या मोठ्या नणंदेचं नाव ईश्वरी. एका घरात दोन कशाला? नाव बदलू."

"तुम्ही ठेवाल ते."

आता प्रभाताईंची पंचाईत झाली. कापून घेण्यासाठी आणलेल्या अटी कुणी कापतच नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं, पदर सावरला, आणि सुचलं ते बोलून मोकळ्या झाल्या.

"आणि ही भिंती रंगवायची नोकरी लग्नानंतर नको. आमच्याकडे बियाण्याच्या दुकानात बसेल."

"सोडेल की," अप्पा म्हणाले.

ईश्वरीने ओंकारकडे पाहिलं. तो मोबाइलवर तारखा बघत होता. मग तिने अप्पांकडे पाहिलं, आणि ती अप्पांचे शब्द ऐकायचं सोडून शब्दांआधीची जागा ऐकू लागली. प्रत्येक "चालेल"च्या आधी एक थांबणं होतं. मान किंचित खाली, खांदे सैल, नजर समोरच्याच्या हाताकडे. हे थांबणं तिने कॅमेऱ्यात हजारदा बघितलं होतं. बाजाररस्त्याने येणारा चालक चौकाशी येऊन असाच थांबायचा. तिच्या अहवालांत त्याला तिनेच नाव दिलं होतं, थबक.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात बाजार समितीकडून मागवलेलं मोंढ्यातल्या लिलावाचं चित्रण उघडलं. बाजाररस्त्याचे व्यापारी बोली चढवताना मधेच थबकत होते, आणि वेशीकडचे उचलून नेत होते. पिठाच्या गिरणीतली रांग बघितली, तीच कथा. एका जागी लागलेली सवय त्या जागीच राहते, असं ती शिकली होती. पण मुरूडखेडचा माणूस दिवसातून आठ-दहा वेळा तो चौक ओलांडतो, आणि दर वेळी त्याचं अंग "आधी तुम्ही" किंवा "आधी मी" गिरवतं. वर्षभर गिरवलेलं अक्षर चौकापुरतं कसं राहील?

तेवढ्यात ओंकार आला.

"ओंकार, मला असं वाटतंय की—"

"की आईने फार ताणलं. बोलतो मी तिच्याशी. नोकरीचं मात्र—"

"मी ते म्हणत नव्हते."

"मग नाव? नावाचं बघू. माझ्या डोक्यात दोन आहेत."

ईश्वरी त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस तिने निवडला होता तो समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प बसतो म्हणून. गावात असा एकच होता.

तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि दोन्ही रस्त्यांचं चित्रण दाखवलं. पट्टे, सावल्या, थबक.

"म्हणजे तुला म्हणायचंय की मी भिंतीमुळे तुझं बोलणं—" तो म्हणाला, आणि थांबला. तिने अजून काहीच म्हटलं नव्हतं. त्याने तोंडावर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ काढला नाही.

"बोल," शेवटी तो हाताआडून म्हणाला. "मी ऐकतो."

"अप्पांचा होकार त्यांचा नाही, ओंकार. मी रंगवलेल्या भिंतीचा आहे. तो मला वापरता येणार नाही."

"आणि भिंत पुसल्यावर ते नाही म्हणाले तर?"

"तर तो नकार त्यांचा असेल."

मुख्याधिकाऱ्यांना हे पटवणं ओंकारला पटवण्याइतकं सोपं नव्हतं. "मॅडम, वर्षभरात एक खरचटणं नाही," ते म्हणाले. "तुमच्या लग्नासाठी मी गावाचे पाय मोडू?"

"लग्नासाठी नका मोडू. पण अर्ध्या गावाला न विचारता आपण मागे सारलंय. उद्या हे त्यांना बाहेरून कळलं, तर पहिली वीट तुमच्या काचेवर येईल."

काचेचा मुद्दा त्यांना पटला. महिनाभर लेप राखाडी ठेवायचा, चौकात होमगार्ड उभे करायचे आणि गावाला खरं सांगायचं, असं ठरलं. सांगायचं काम ईश्वरीने स्वतःकडे घेतलं. बाजाराच्या दिवशी ती चौकात ध्वनिक्षेपक घेऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या सहीसकट.

मग जे झालं ते मुरूडखेडच करू जाणे. बाजाररस्त्यावर त्या वर्षात ज्याचं ज्याचं काही बिनसलं होतं, त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेला, लिलावात चुकलेला, बारावीत नापास झालेलासुद्धा. वेशीच्या रस्त्याचे लोक म्हणाले, भिंतीबिंतीचं काही नाही, आम्ही मुळातच पुढे असतो. दोघांनीही आपापल्या फायद्याचं तेवढं विज्ञान उचललं. राखाडी महिन्यात केळ्यांचा एक हातगाडा उलटला आणि एका दुधवाल्याचं बोट मोडलं. भिंत पुसायला किंमत लागत होती, आणि ती ईश्वरीला दिसत होती.

अप्पांनी त्या महिन्यात गाडी काढलीच नाही. पायी मोंढ्यात जायचे, पायी यायचे. आठ दिवसांनी त्यांनी लेकीला आडतीवर बोलावून घेतलं. तुरीच्या पोत्यांना टेकून बसले होते.

"म्हणजे माझा होकार भिंतीचा होता."

"हो, अप्पा."

"आणि आता तू मला परत विचारणार."

"हो. नाही म्हणालात तरी चालेल."

"चालेल?"

"चालणार नाही. पण ऐकून घेईन."

अप्पा हसले नाहीत, पण मिशी हलली. "मग मला एक सांग, इंजिनिअरबाई. विश्वनाथची अन् माझी जुंपली त्या दिवशी चौकाच्या कडेला काय होतं?"

ईश्वरीने जुने नकाशे बघितलेले होते. "तेलघाण्याची भिंत. अगदी कोपऱ्यापर्यंत. नाकाला नाक लागेपर्यंत तुम्हा दोघांना एकमेकांची गाडी दिसणं शक्यच नव्हतं."

"अन् माझ्या मागं सोयाबीनचे ट्रॅक्टर लागले होते. मागं सरकायला जागा नव्हती."

"जागा असती तर सरकला असतात?"

"नसतो सरकलो," अप्पा प्रामाणिकपणे म्हणाले. मग पोत्यातल्या चार तुरी हातावर घेऊन त्यांनी त्या उगाच चोळल्या. "पण बघ की. होकार तुझ्या भिंतीचा म्हणतेस, तर आधीचा नकार तरी माझा कुठं होता? तोही अर्धा त्या घाण्याच्या भिंतीचाच. मग माझं स्वतःचं असं काय उरलं गं?"

ईश्वरी पोत्याला टेकून त्यांच्या शेजारी बसली.

"अर्धं उरलं, अप्पा," ती म्हणाली. "भिंत ढकलते, पण अर्धंच. बाजाररस्त्यावरचे सगळेच काही थबकले नाहीत."

"अर्धं?" अप्पांनी तुरी परत पोत्यात टाकल्या. "अर्धं रग्गड झालं. मोंढ्यात लोक त्याहून कमी भांडवलावर पिढ्या काढतात. त्या पोराला पाठव. एकट्याला. आईला नको."

ओंकार आला, आणि आठवडाभर येत राहिला. अप्पांनी त्याला पोत्यावर बसवून गिऱ्हाइकांची बोलणी ऐकायला लावली. तो मधे बोलला की अप्पा त्याच्याकडे बघायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी अप्पांना बघावं लागेनासं झालं. भिंत पुसली म्हणून की अप्पांमुळे, हे ईश्वरीला मोजता आलं नाही. तिने मोजायचा प्रयत्नही केला नाही.

दरम्यान तिने नगरपालिकेपुढे नवी रचना ठेवली. चौकात एकाने थांबायला हवं, त्याला इलाज नाही. पण नेहमी एकानेच का? दर महिन्याला बाजू बदलायची, आणि पाळी कुणाची ते चौकात मोठ्या पाटीवर लिहायचं.

"माहीत असल्यावर लोक फसतील का?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"काठी पाण्यात वाकडी दिसते. ती सरळ आहे हे माहीत असलं तरी वाकडीच दिसते. डोळा डोक्याचं ऐकत नाही, साहेब. आणि पाय डोळ्याचं ऐकतो."

ठराव मंजूर झाला. पहिल्या महिन्यात थांबायची पाळी वेशीच्या रस्त्याकडे जाणार होती, पण ईश्वरीने लेप सुरू करायचा दिवस लग्नाच्या नव्या बैठकीनंतरचा धरला. या बैठकीवर कुठल्याच भिंतीची सावली नको होती.

या वेळी प्रभाताई दोनच माणसं घेऊन आल्या, एक ओंकार आणि एक मोठी जाऊ. दुपारची वेळ होती. अप्पांनी चहा येऊ दिला, प्यायला दिला आणि मग थेट ओंकारकडे वळले.

"ओंकारराव, मला तुम्ही अजून आवडलेले नाही."

ओंकारच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्याने तिथेच धरलं.

"वाईट नाही तुम्ही," अप्पा पुढे म्हणाले. "आठवडाभर बघितलं. ऐकायला शिकलात, पण अजून कष्टानं ऐकता. तुमचे वडीलही मला आवडत नव्हते. ते काही आता बदलायचं नाही. पण लग्न माझं नाही, हिचं आहे. अन् ही दोन रस्त्यांच्या सगळ्या गाड्या वर्षभर बघूनही तुमच्यापाशीच थांबलेली आहे. तिच्या बघण्यावर माझा विश्वास आहे. म्हणून माझा होकार आहे. आवड मागाहून बघू."

ओंकार म्हणाला, "मी आवडेपर्यंत येत राहीन, अप्पा."

"ते आमच्या चहावर ठरेल," अप्पा म्हणाले आणि प्रभाताईंकडे वळले. "आता तुमच्या अटी. नाव बदलणार नाही. ईश्वरी दोन झाल्या तर होऊ द्या, हाक मारली की दोघी येतील. तुमचंच काम लवकर होईल. नोकरी ती सोडणार नाही. चौकाची पाळी तिला सांभाळायचीय, नाहीतर परत तुमच्या-माझ्यातलंच कुणीतरी तिथं पडेल."

प्रभाताई कप बशीत ठेवून थांबल्या. ईश्वरीने सवयीने त्यांच्या खांद्यांकडे, नजरेकडे पाहिलं. थबक नव्हती ती. त्या सरळ अप्पांच्या डोळ्यांत बघत होत्या.

"हे गेल्या खेपेलाच बोलायचं होतंत की, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी काय सगळं घ्यायला आले होते? एकेक अट टाकत होते, आता तरी हा माणूस अडवेल म्हणून. तुम्ही आपले थांबतच होता. मग मी पुढं येत गेले. घरी जाऊन झोप नाही आली मला."

"का?"

"ज्या घरात कुणी नाही म्हणत नाही, तिथली लेक उद्या माझ्या ओंकारला काय नाही म्हणणार? अन् त्याला नाही म्हणणारी एक तरी पाहिजे. मी थकले आता."

मोठी जाऊ खुदकन हसली. अप्पांनीही मांडी बदलली, बैठक आता कुठे सुरू होतेय अशी.

"मग लग्न," ते म्हणाले, "आमच्या दारात."

"ते का म्हणून?"

"मुलगी आमची म्हणून."

"वा! अन् मुलगा काय आम्ही भाड्यानं आणला? मांडव वेशीच्या रस्त्यावर पडणार."

"त्या रस्त्यावर सावली आहे का एक तरी? माझे पाहुणे काय उन्हात पापड म्हणून वाळत घालायचे?"

"पापडच आहेत तुमचे पाहुणे, मी बघितलेत!"

दोघांचे आवाज चढले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. अप्पा एकेका मुद्द्यावर अडत होते, प्रभाताई एकेका मुद्द्यावर चढत होत्या, आणि कुणीही कुणाला सहज काही देत नव्हतं. ईश्वरीने अप्पांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा वर्षभरात पहिल्यांदा टवटवीत दिसत होता.

"चल," ती ओंकारला म्हणाली, "पानं मांडायला लाग."

"आत्ता? हे मिटू दे की आधी."

"हे जेवणाआधी मिटत नाही," ईश्वरी म्हणाली, आणि बाहेरचं सगळं नीट ऐकू यावं म्हणून तिने स्वयंपाकघराचं दार उघडंच ठेवलं.